नाव आपले, माल आपला. हक्कही आपलाच राहावा!

(मोबाइलवरून व ऑनलाइन विक्री करणाऱ्या सभासदांसाठी व्यापारचिन्ह आणि स्वामित्वहक्क कायद्याची ओळख)



ऊस विकास विभागाकडून या पानावर नेहमी बेणे, खते, खोडवा आणि पाणी यांविषयी माहिती येते. या वेळी विषय निराळा आहे. गेल्या काही वर्षांत आपले अनेक सभासद आणि त्यांच्या घरच्या महिला रसायनविरहित गूळ, गूळपावडर, काकवी, लोणची, पापड असा माल मोबाइलवरून विकू लागले आहेत. कोणी फोनवरच्या गटात विकतो, कोणी मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान उघडतो, कोणी स्वतःचे संकेतस्थळ काढतो. ही गोष्ट चांगलीच आहे. पण "नाव टाकलं, फोटो चढवला, झालं दुकान सुरू" एवढ्यावर काम भागत नाही. ते नाव कोणाचे, तो फोटो कोणाचा, हा प्रश्न आज ना उद्या येतो, आणि तो बहुधा धंदा जरा बरा चालू लागला की येतो. शेताचा बांध कोरणारा शेजारी दिसतो तरी. नावाचा बांध कोरणारा पाचशे मैलांवर बसलेला असतो.

म्हणून या लेखात कायद्याची सोपी ओळख करून दिली आहे. कलमांची पोपटपंची टाळली आहे. जेवढे व्यवहारात लागते तेवढेच घेतले आहे.

१. उदाहरणासाठी दिवेआगर

कायदा नुसता सांगितला तर डोक्यात राहत नाही. म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यातले दिवेआगर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. समुद्रकिनारा, नारळ-सुपारीच्या वाड्या, रूपनारायणाचे देऊळ आणि सुवर्णगणेश. नोव्हेंबर १९९७ मध्ये तेथील एका सुपारीच्या वाडीत जमिनीखाली तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावाकडे भाविकांची रीघ लागली. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले व मुखवटा चोरीस गेला. पुढे तपासात मिळालेल्या सोन्यातून मुखवटा पुन्हा घडवून नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची स्थापना झाली.

दरम्यान ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने या किनाऱ्याला झोडपले. उभ्या वाड्या आडव्या झाल्या. आपला ऊस लोळला तर पुढच्या हंगामात पुन्हा उभा करता येतो. सुपारीचे रोप लावून फळ हाती यायला पाच-सात वर्षे लागतात. अशा वेळी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणे, उकडीचे मोदक, कोकम, सुपारी, नारळाच्या वड्या विकणे यालाच महत्त्व आले. पूर्वी पाहुणा एस. टी. स्टँडवर विचारत यायचा. आता तो घरूनच मोबाइलवर फोटो बघून खोली ठरवतो आणि परत गेल्यावर मोदकाचे पीठ टपालाने मागवतो. म्हणजे वाडीवाल्याची खरी पुंजी काय? त्याचे नाव, त्याचे फोटो आणि गावाची कीर्ती.

आपलेही तसेच आहे. मोदकात नारळ कोकणचा, पण गूळ देशावरचा! तेव्हा दोघांनाही हा कायदा सारखाच लागू आहे.

प्रथम तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखाव्यात.

(अ) मालाचे किंवा सेवेचे नाव व खूण : याला व्यापारचिन्ह म्हणतात. कायदा १९९९ चा.
(आ) फोटो, चित्र, लेखन, गाणे, चित्रफीत : यावर असतो तो स्वामित्वहक्क, म्हणजेच कॉपीराइट. कायदा १९५७ चा.
(इ) गावाच्या किंवा मुलखाच्या नावाने प्रसिद्ध असलेला माल : याला भौगोलिक मानांकन म्हणतात. कायदा १९९९ चाच, पण वेगळा.

पुष्कळ घोटाळे हे तीन एकत्र केल्यामुळे होतात.

२. व्यापारचिन्ह म्हणजे नावाचा सात-बारा

जमीन कसणारा कोण हे साऱ्या गावाला ठाऊक असते, तरी आपण सात-बारावर नाव लावून घेतो. का? उद्या वाद झाला तर कागद बोलतो. व्यापारचिन्हाची नोंदणी म्हणजे नावाचा सात-बारा. पद्धतसुद्धा फेरफारासारखीच आहे. अर्ज केला की तपासणी होते. काही हरकत निघाली तर तपासणी अहवाल येतो व त्याला उत्तर द्यावे लागते. नंतर ते नाव व्यापारचिन्हांच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होते. चावडीवर नोटीस लावतात ना, तसेच. प्रसिद्धीनंतर चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकत आली नाही किंवा फेटाळली गेली, की प्रमाणपत्र मिळते. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे चालते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ चालू ठेवता येते.

अर्ज ऑनलाइन करता येतो. या नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. व्यक्ती, नवउद्योग व लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जास प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, तर इतरांना ९,००० रुपये शुल्क आहे. लघुउद्योगाची सवलत घेण्यासाठी उद्यम नोंदणीचा दाखला जोडावा. शुल्क भरण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर चालू दर पाहून घ्यावा.

वर्ग म्हणजे काय? सर्व माल व सेवा मिळून ४५ वर्ग पाडले आहेत. आपल्या कामाचे थोडे असे :

वर्ग २९ – लोणची, टिकवलेली फळे, खाद्यतेल
वर्ग ३० – गूळ, साखर, काकवी, मध, मसाले, मिठाई
वर्ग ३१ – ताजी फळे, भाजी, धान्य, रोपे
वर्ग ३२ – सरबते व पेये
वर्ग ४३ – राहण्याची व जेवणाची सोय

समजा दिवेआगरच्या एका बाईंनी मोदकांसाठी वर्ग ३० मध्ये नाव नोंदले, पण खोल्यांसाठी वर्ग ४३ मध्ये नोंदले नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर कोणी त्याच नावाने निवास काढले, तर बाईंचे काम अवघड होईल. म्हणून जो धंदा खरोखर करतो त्या प्रत्येक वर्गाचा विचार करावा. मात्र "असू दे" म्हणून सगळेच वर्ग घेऊन पैसे वाया घालवू नयेत. सलग पाच वर्षे व आणखी तीन महिने नाव वापरलेच नाही, तर ती नोंद दुसरा कोणी काढून टाकायला लावू शकतो.

३. कोणते नाव घ्यावे, कोणते घेऊ नये

येथे बहुतेकांची चूक होते. मालाचे वर्णन करणारे नाव सहसा एकट्याच्या मालकीचे होत नाही. 'शुद्ध गूळ', 'गोड काकवी', 'घरगुती मोदक' हे शब्द सर्वांचे आहेत. गावाचे नावही तसेच. 'दिवेआगर सुपारी' हे नाव एकाने बळकावले तर बाकीच्या वाडीवाल्यांनी आपली सुपारी कोठली म्हणून सांगायचे?

देवाधर्माच्या नावांचे काय? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर अगरबत्तीच्या 'रामायण' या नावाचा वाद आला होता. धर्मग्रंथाच्या नावावर मालासाठी कोणा एकाला मक्तेदारी सांगता येणार नाही, असा निर्णय झाला. तेव्हा 'गणेश', 'लक्ष्मी', 'दत्त' अशा नावांवर फार भिस्त ठेवू नये. वापरता येतील, पण दुसऱ्याला अडवणे कठीण. आपल्या भागातच 'श्रीगणेश' नावाची किती गुऱ्हाळे आहेत, मोजून बघा!

मग चांगले नाव कोणते? मालाशी थेट संबंध नसलेले, ऐकल्यावर लक्षात राहणारे किंवा स्वतः घडवलेले. आडनाव चालते, पण त्याच आडनावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरत असेल तर त्याला कायदा रोखत नाही. आपल्याकडे एका आडनावाची अर्धी वाडी असते, हे ध्यानात ठेवावे.

नाव ठरवण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. तो फुकट घेता येतो. नुसते तेच नाव पाहून थांबू नये. उच्चार सारखा असलेली नावेही पाहावीत. काना-मात्रा बदलून नाव निराळे होत नाही. ग्राहकाच्या कानाला ते सारखे लागते का, हे पाहिले जाते.

आणखी एक. अर्ज केल्यावर नावाशेजारी 'टीएम' ही अक्षरे लावता येतात. वर्तुळातील 'आर' ही खूण मात्र प्रमाणपत्र मिळाल्यावरच लावावी. नोंदणी नसताना ती लावणे हा कायद्याचा भंग असून त्याला दंड आहे.

४. "आमच्याकडे सगळे परवाने आहेत" – पण नाव?

आपल्याच एका गटातील सभासदाच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. घरच्या सूनबाई चार हंगाम काकवीच्या बाटल्या एका नावाने विकत होत्या. अन्नपदार्थांचा परवाना होता, उद्यम नोंदणी होती, लेबल छापलेले होते. एका ऑनलाइन बाजारात माल चांगला खपू लागला. ऐन संक्रांतीच्या तोंडावर त्यांचे दुकान बंद झाल्याचा निरोप आला. परराज्यातील एका व्यापाऱ्याने त्याच वर्गात तेच नाव नोंदले होते आणि तक्रार केली होती. घरात दोनशेवर बाटल्या भरून तयार. ही मंडळी कागदांची पिशवी घेऊन गट कार्यालयात आली व म्हणाली, "साहेब, एवढे दाखले आहेत, मग नाव आमचं नाही कसं?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सर्वांनी नीट वाचावे. अन्न परवाना माल खाण्यास योग्य असावा यासाठी. जीएसटी कर भरण्यासाठी. उद्यम नोंदणी उद्योगाची सरकारी ओळख म्हणून. संकेतस्थळाचे नाव विकत घेणे म्हणजे फक्त एक पत्ता मिळवणे. यांपैकी एकही कागद नावाची मालकी देत नाही. ती देतो तो व्यापारचिन्ह कायदा.

पण या घराची बाजू अगदीच लंगडी नव्हती. कायदा आधी वापरणाऱ्याचा हक्क मानतो. समोरच्याने नाव नोंदण्यापूर्वी आणि वापरण्यापूर्वीपासून आपण ते सलग वापरत असू, तर नोंदणीच्या जोरावर तो आपल्याला थांबवू शकत नाही. अट एकच : पुरावा पाहिजे. या घरात पहिल्या हंगामापासूनची बिले, लेबल छपाईची पावती आणि टपाल पार्सलच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे वकिलामार्फत समोरच्याची नोंद रद्द करण्यासाठी अर्ज केला आहे. निकाल लागायचा आहे. तोवर माल गावातल्या बाजारात आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना विकणे चालू आहे. साडेचार हजार रुपयांत जे काम पहिल्या वर्षी झाले असते, त्याला आता वकील, हेलपाटे आणि एक हंगाम द्यावा लागत आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार कोणावर येऊ नये.

नोंदणी नसलेल्या नावालाही थोडे संरक्षण आहे. आपला माल म्हणून दुसऱ्याने स्वतःचा माल गळ्यात मारला, तर तसे करण्यास न्यायालय मनाई करू शकते. पण तेथे आपली प्रसिद्धी, समोरच्याची फसवणूक आणि आपले नुकसान सिद्ध करावे लागते. नोंदणी असली तर प्रमाणपत्र दाखवून सुरुवात होते.

५. संकेतस्थळाचा पत्ताही नावच आहे

इंटरनेट आपल्याकडे नवे होते तेव्हाच हा प्रश्न आला. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ' या कंपनीने 'रॅडिफ' असे नाव घेणाऱ्याविरुद्ध दावा केला. एका अक्षराचा फरक, पण लोक फसणार हे उघड होते. न्यायालयाने ते नाव वापरण्यास मनाई केली. २००४ मध्ये 'सिफी' आणि 'सिफ्फी' यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संकेतस्थळाचे नाव हा केवळ पत्ता नसून धंद्याची ओळख आहे आणि व्यापारचिन्हासारखे संरक्षण त्यालाही मिळू शकते.

यातून दोन धडे. आपल्या नावाचा पत्ता वेळेवर घेऊन ठेवावा. आणि दुसऱ्याच्या गाजलेल्या नावात एखादे अक्षर घालून 'हुशारी' करू नये.

६. फोटो आणि लेखन : ज्याने निर्माण केले त्याचे

स्वामित्वहक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. फोटो काढला, मजकूर लिहिला, की त्या क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोग होतो, इतकेच. लेखन, चित्र, फोटो यांचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढची ६० वर्षे राहतो. ही वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. उदाहरणार्थ, साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरील हक्क २०१० अखेर संपला. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०६० अखेरपर्यंत आहे. म्हणून पु. लं.चे एखादे प्रवेशाचे पान उचलून मालाच्या जाहिरातीत घालणे परवानगीशिवाय चालणार नाही.

पुन्हा दिवेआगरला येऊ. तेथे सापडलेला शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी आहे. त्या मूळ मजकुरावर आज कोणाचा स्वामित्वहक्क नाही. पण एखाद्या अभ्यासकाने त्यावर लिहिलेले विवेचन त्याचे आहे. तसेच समुद्र, सूर्यास्त, सुपारीची वाडी ही कोणाची नव्हेत. त्यांचा तुम्ही काढलेला फोटो तुमचा आहे. सुवर्णगणेशाचा फोटो कोणी छायाचित्रकाराने काढला असेल तर तो त्याचा. "देवाचा फोटो आहे, त्याला कसला हक्क?" असे म्हणून तो आपल्या मोदकाच्या डब्यावर छापता येत नाही.

इंटरनेटवर शोधल्यावर फोटो दिसतो, म्हणजे तो बेवारस आहे असे नव्हे. रस्त्याकडेच्या शेतातला ऊस सर्वांना दिसतो. म्हणून मोडून न्यावा काय?

व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या चार गोष्टी :

(१) पैसे देऊन छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेतले, तर दुसरा करार नसेल तेव्हा पैसे देणारा पहिला मालक ठरतो. तरी दोन ओळी लिहून घ्याव्यात.

(२) बोधचिन्ह, लेबलचे चित्र, संकेतस्थळाचा मजकूर दुसऱ्याकडून करून घेतला, तर नुसते पैसे दिल्याने हक्क आपल्याकडे येत नाही. "सर्व हक्क कायमचे, सर्व ठिकाणांसाठी व सर्व प्रकारच्या वापरासाठी अमुक यांना दिले आहेत" असे सहीनिशी लिहून घ्यावे. मुदत व ठिकाण लिहिले नाही, तर कायदा ते पाच वर्षांपुरते व भारतापुरतेच धरतो. भाच्याने करून दिले असेल तरी लिहून घ्यावे. भाचा आज घरचा आहे. उद्या नोकरीला लागला की त्याचा धनी विचारील.

(३) जाहिरातीच्या चित्रफितीत सिनेमाचे गाणे घालणे धोक्याचे आहे. खाजगी गमतीसाठी मिळणारी गाणी धंद्याच्या जाहिरातीसाठी दिलेली असतातच असे नाही. गाण्याच्या शब्दांवर, चालीवर आणि ध्वनिमुद्रणावर वेगवेगळे हक्क असतात. त्यापेक्षा गुऱ्हाळावरचा कढईचा आवाज आणि आपल्या माणसाचे दोन शब्द बरे.

(४) पाककृतीवर स्वामित्वहक्क नसतो. मोदक कसे करावेत ही रीत सर्वांची. पण कोणी ती आपल्या शब्दांत लिहिली असेल तर ते शब्द त्याचे. रीत घ्या, मजकूर उतरवू नका.

७. मुलखाचे नाव : सर्वांचे मिळून

आता तिसरा हक्क. मातीमुळे, हवेमुळे किंवा पिढीजात कसबामुळे एखाद्या मुलखाचा माल नावाजलेला असतो. त्याची नोंद चेन्नई येथील कार्यालयात होते, आणि ती एका माणसाच्या नव्हे, उत्पादकांच्या संस्थेच्या किंवा तत्सम मंडळाच्या नावे होते. हापूस आंब्याला २०१८ मध्ये ही नोंद मिळाली. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे पाच जिल्हे आहेत. रायगडातील अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही ती मिळाली आहे. आणि आपल्या जिव्हाळ्याचा म्हणजे कोल्हापुरी गूळ; त्याची नोंद २०१४ मधील.

याचा अर्थ असा, की नोंदीतील हद्दीबाहेर तयार झालेल्या गुळाच्या ढेपेवर 'कोल्हापुरी' लिहू नये. परमुलखातला गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो ही आपली तक्रार जुनी आहे. तीच गोष्ट आपण हापूसच्या बाबतीत करू लागलो, तर बोलायला तोंड राहणार नाही. आणि हद्दीतील उत्पादकानेही संस्थेची नोंद झाली म्हणून स्वस्थ बसू नये. प्रत्येकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपले नाव नोंदवून घ्यावे लागते.

ताजे उदाहरण कोल्हापुरी चपलेचे. तिची नोंद २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे झाली. दोन्हीकडचे चार-चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच चपला दाखवल्या, तेव्हा बराच गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली; परंतु नोंदणीचे मालक स्वतः न्यायालयात येऊ शकतात, त्रयस्थाने हा प्रश्न असा आणता येणार नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. बोध असा, की नोंदणी ही ढाल आहे. पण ढाल ज्याच्या हातात आहे त्याने ती उचलावी लागते.

श्रीवर्धन-दिवेआगरच्या रोठा सुपारीचा नावलौकिक कोणा एका दुकानदाराचा नाही, सर्व वाडीवाल्यांचा आहे. असे नाव राखायचे तर सहकाराशिवाय मार्ग नाही. सहकाराचे महत्त्व आपल्याला कोणी निराळे सांगायला नको.

जाता जाता बेण्याविषयी. जाती व वाण यांच्यासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात शेतकऱ्याने आपल्या शेतातील बेणे राखणे, लावणे, देवाणघेवाण करणे व विकणे याला मुभा आहे. मात्र संरक्षित वाणाचे बियाणे छाप मारून, ब्रँड म्हणून विकता येत नाही. ऑनलाइन रोपवाटिका काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

८. नाव किंवा फोटो चोरीस गेला तर

प्रथम भांडण नको, पुरावा. समोरच्याचे पान, त्याचा पूर्ण पत्ता, तारीख व वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो घ्यावा. शक्य तर त्याच्याकडून एक नग मागवून बिल व पार्सल जपावे. मग त्या ऑनलाइन बाजाराच्या किंवा समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याने या कंपन्यांना दुसऱ्याने चढवलेल्या मजकुराबद्दल काही संरक्षण दिले आहे, पण ते अटींवर. रीतसर तक्रार आल्यावर त्यांना गप्प बसता येत नाही. स्वामित्वहक्काच्या रीतसर नोटिशीनंतर मजकूर ३६ तासांत बंद करावा आणि २१ दिवस बंद ठेवावा, अशी तरतूद आहे. तेवढ्या मुदतीत न्यायालयाचा आदेश मिळवला नाही तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून तक्रार केली आणि विसरलो, असे करू नये.

याने भागले नाही तर वकिलाची नोटीस आणि दावा. येथे एक सोय आहे. नोंदणीकृत चिन्हाचा किंवा स्वामित्वहक्काचा दावा आपण जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथील जिल्हा पातळीवरच्या न्यायालयात लावता येतो. चोराच्या गावाला जावे लागत नाही. खोटे चिन्ह लावणे किंवा जाणूनबुजून स्वामित्वहक्काचा भंग करणे हा फौजदारी गुन्हाही आहे. सर्वसाधारणपणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे.

एखाद्याने आपल्या निवासाचे फोटो लावून खोट्या नावाने आगाऊ पैसे उकळले, तर तो नुसता फोटोचा प्रश्न नाही, ती फसवणूक आहे. पैसे गेलेल्या पाहुण्याने विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. आणि घरमालकाने आपला खरा फोन नंबर व खाते आपल्या पानावर ठळक लिहून ठेवावे.

९. शंका-समाधान

शंका : आम्ही वर्षाला जेमतेम शंभर ढेपा विकतो. आम्हाला नोंदणी हवी का?
समाधान : सक्ती नाही. पण लेबल छापण्यापूर्वी शोध जरूर घ्यावा. दुसऱ्याचे नाव चुकून घेतले तर छापलेली लेबले रद्दीत जातात. दुसऱ्या हंगामात त्याच नावाने विकायचे ठरले, की अर्ज करावा.

शंका : बचत गटाचे नाव कोणाच्या नावाने नोंदवावे?
समाधान : आधी ठराव करावा. अध्यक्षांच्या वैयक्तिक नावाने नोंदले तर नाव त्यांचे होते. पुढे फाटाफूट झाली की वाद होतो. अर्जदार कोण असावा हे वकिलाला विचारून इतिवृत्तात लिहावे.

शंका : मराठीत नोंदवावे की इंग्रजीत?
समाधान : ज्या रूपात वापरता त्या रूपात. दोन्ही लिप्या लेबलावर असतील तर तसा विचार करावा. उच्चार सारखा असणारी नावे एकमेकांना आड येतात.

शंका : "आपण आमच्या चिन्हाचा भंग केला, तात्काळ पैसे भरा" असा निरोप आला तर?
समाधान : घाबरून पैसे भरू नयेत आणि कागद केरात टाकूही नये. नोंदणी क्रमांक मागावा, तो सरकारी संकेतस्थळावर तपासावा व वकिलाला दाखवावा. खोट्या धमकीविरुद्धही कायद्यात दाद मागता येते.

१०. एवढे करावे

लेबल छापण्यापूर्वी नावाचा शोध घ्यावा. पहिल्या विक्रीपासूनची बिले, छपाईच्या व टपालाच्या पावत्या वर्षवार फाइलमध्ये लावाव्यात. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नयेत. त्यांवरची तारीख हा पुरावा असतो. दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामाचे हक्क लिहून घ्यावेत. ज्या मुलखाचा माल नाही त्याचे नाव लावू नये. नोंदणी झाली असेल तर नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवावी.

खोडव्याला पाचट आच्छादन केले की लगेच काही दिसत नाही; उन्हाळ्यात त्याचे मोल कळते. नावाची नोंदणी तशीच आहे. ज्या सभासदांना किंवा त्यांच्या घरच्या महिलांना अर्जाची माहिती हवी असेल, त्यांनी आपले लेबल व सर्वांत जुने बिल घेऊन आपापल्या गट कार्यालयात यावे. अर्ज कोणता व वर्ग कोणता, एवढे आम्ही दाखवू शकू. वादाचा विषय असेल तर मात्र या विषयातील वकिलाचाच सल्ला घ्यावा.

– ऊस विकास अधिकारी